चपला मोजणारे वासुदेवभाऊ

लग्नाच्या मांडवात लोक नवरी पाहतात; आमचे शेजारी वासुदेवभाऊ चपला पाहतात. दारातल्या ढिगाशी उकिडवे बसून, हातात वही घेऊन. केळझरच्या गणपतीला एकदा पहारेकऱ्यानं त्यांची कॉलर धरली. "चोरत नाई राजा, सर्व्हे करून राह्यलो!" भाऊ ओरडले. मी सोडवायला धावलो, तर पहारेकरी मलाच म्हणाला, "तुमी भी टोळीतले काय?"

भाऊ मूळचे आमच्या सेलूचेच, पण नोकरी लागली कोकण किनाऱ्यावर, मासे मोजायच्या खात्यात. तारलीचा थवा अंडी घालायला आला की त्यात माद्या किती, याचा अंदाज काढायचा. समुद्रात मासा मोजणार कसा? म्हणून बारीक जाळीनं पाणी गाळायचं, अंडी मोजायची आणि त्यावरून आया किती ते ठरवायचं. "मासा निसटते, अंडं निसटत नाई," हे त्यांचं ब्रीद. शिवाय प्रत्येक अंदाजाच्या शेपटीला "कमी-जास्त दहा टक्के" हवंच. "तेवढं नाई लावलं तं तो अंदाज नाई मास्तर, त्या गप्पा."

जन्मभर मासे मोजले, चाखला एकही नाही. पक्के माळकरी.

निवृत्त होऊन परत आले, मग बायको गेली. मुलगी सुषमा बंगळूरला. ती दोन पोरींना घेऊन मे महिन्यात आठ दिवस येते. एप्रिल लागला की भाऊ मला रोज विचारतात, "यंदा येतीन ना पोट्ट्या?"

माझ्या मुलीच्या साखरपुड्याला मीच शहाणपणा केला. किती माणसं येतील, ते त्यांना विचारलं. भाऊंनी पहिल्या दहा मिनिटांतल्या चपला मोजल्या, गुणाकार केला आणि आचाऱ्याला फर्मावलं, "दुप्पट बुंदी पाड!" नेमकी त्या दहा मिनिटांत वडनेरच्या पाहुण्यांची अख्खी बस उतरली होती. नंतर चिटपाखरू फिरकलं नाही. आठ दिवस आम्ही बुंदी खाल्ली. आमची ही वाढताना फक्त माझ्याकडे बघायची. भाऊ मात्र शांत. "नमुना चुकला मास्तर. पद्धत बरोबर हाये."

यंदा सुषमा आली, पण चारच दिवस. निघताना म्हणाली, "बाबा, पुढच्या वर्षीचं काई सांगता येत नाई. मोठीची दहावी हाये."

भाऊ "बरं" म्हणाले.

आठवड्यानं ही पोळी-भाजीचा डबा घेऊन त्यांच्याकडे गेली, मागून मी. घर झाडलेलंच नव्हतं. फरशीभर चॉकलेटचे कागद, खाटेखाली केसांच्या पिना, खिडकीत आंब्याच्या वाळलेल्या कोया, भिंतीवर खडूनं काढलेला निळा मासा. हिनं पदर खोचून झाडू उचलला.

"थांबा वहिनी! मोजणं चालू हाये."

खाटेवर वही उघडी होती. कागद सतरा. पिना तीन. कोया नऊ.

"मंग अंदाज काय निघाला, भाऊजी?" हिनं विचारलं.

"येतीन. पुढच्या मे महिन्याले."

"कमी-जास्त किती?" मी सवयीनं बोलून गेलो.

भाऊंनी वही मिटली. "याले नाई लावलं, मास्तर."

हिनं झाडू दारामागे ठेवला आणि एकेक कागद चुकवत डबा ओट्यावर नेऊन ठेवला.