पितळी घोड्यांची बैठक

मेहिटाबेलबाईंच्या बैठकीत, भिंतीतल्या चुलीत, लाकडं पेलणारे दोन पितळी घोडे, म्हणजे टेकू, उभे होते. बोस्टनहून बोटीनं आलेले. पायांना पंजे, माथ्याला लिंबाएवढे गोळे. रोज विटेची पूड आणि व्हिनेगर लावून त्यांची आंघोळ व्हायची. विस्तव मात्र त्यांनी जन्मात पाहिला नव्हता. जाळ करायचा तो स्वयंपाकघरातल्या काळ्या लोखंडावर; पितळ असतं पाहुण्यांना दिपवायला.

जानेवारीतल्या एका दुपारी केझियाबाई मुलाला, ॲबनरला, घेऊन मेहिटाबेलबाईंच्या लेकीला, झिल्फाला, बघायला आल्या. पोरांचं मक्याची कणसं सोलतानाच जुळलं होतं. अडलं होतं ते केझियाबाईंच्या होकारावर.

"काय लखलखतायत हो!" केझियाबाई म्हणाल्या. शब्दांआधी तोंडातून वाफ आली.

"तुमची पायधूळ लागली, उजळले! सफरचंदाचा साइडर घ्या ना."

मेहिटाबेलबाईंनी सुरई तिरकी केली, मग पार उलटी धरली. थेंब पडेना. साइडर गोठला होता.

"मी क-क-काय म्हणतो..." ॲबनरनं तोंड उघडलं.

"मुलगा तोतरा आहे का हो?" मेहिटाबेलबाईंनी हळूच विचारलं.

"छ-छ-छे!" केझियाबाई म्हणाल्या.

झिल्फाला ते बघवेना. ती आत गेली, फावडीभर निखारे घेऊन आली आणि घोड्यांवर शोभेला रचलेल्या लाकडांखाली तिनं सारले.

"अगं कार्टे, पितळावर?" आई किंचाळली.

वाळलेली लाकडं भडकली. पण त्या धुरांड्यात पाखरांनी पिढ्यानपिढ्या संसार मांडले होते. धूर वर गेला तसा परत आला आणि मागोमाग काजळीसकट घरटी धप्पकन खाली! धूर निवळला तेव्हा चौघांचे फक्त डोळे पांढरे होते. धुरांडं मोकळं झालं, जाळ गाऊ लागला. गोळे आधी जांभळे पडले, मग काळेठिक्कर.

केझियाबाई ताडकन उठल्या. "आमच्या बैठकीत सासूबाईंच्या काळापासून ठिणगी पडलेली नाही! ही पोर माझं पितळ दोन दिवसांत जाळेल. चल रे ॲबनर!"

त्यांनी दार उघडलं. मेहिटाबेलबाईंना रडू फुटलं. मोडलेल्या लग्नासाठी की घोड्यांसाठी, त्यांचं त्यांनाही कळेना.

ॲबनर उठला. खुर्ची जाळाजवळ ओढली, बूट काढले, मोजे काढले आणि पाय पसरून बसला.

"आई, तू हो पुढं."

"म्हणजे?"

"बैठकीत बसून पायाची बोटं हलतायत माझी. आयुष्यात पहिल्यांदा."

झिल्फानं मान खाली घालून आणखी एक ओंडका सरकवला.

"दार तेवढं लाव गं आई, वारा येतोय," ॲबनर म्हणाला.

केझियाबाईंनी बाहेरच्या बर्फाकडे पाहिलं, लेकाच्या लालसर तळव्यांकडे पाहिलं, आणि दार आतून लावलं.