पेटीनं घात केला

उत्तमरावांच्या घरातला स्टिरिओ बिघडलेला नव्हता, हीच खरी अडचण होती. बिघडला असता तर दुरुस्त करून विषय मिटला असता. पण तो धडधाकट होता, शांतावहिनींना त्यावर सकाळची भक्तिगीतं छान ऐकू येत होती, आणि उत्तमरावांना मात्र जे ऐकायचं होतं तेवढंच त्यातून नीट ऐकू येत नव्हतं.

त्यांना ऐकायचा होता स्वतःचा अभंग. वीसेक वर्षांपूर्वी खोडाळ्याच्या गणेशोत्सवात त्यांनी तो म्हटला होता. पेटीला सुशील मास्तर होते, लहानपणापासूनचे मित्र. गाणं साफ पडलं. दुसऱ्या कडव्यालाच मंडपातली निम्मी माणसं भज्यांच्या गाडीकडे उठून गेली. स्टेजवरून उतरता उतरता उत्तमराव चारचौघांत म्हणाले, "पेटीनं घात केला." सुशील मास्तरांनी एकदा त्यांच्याकडे पाहिलं, पेटीचा भाता बंद केला आणि ते घरी निघून गेले. भांडण असं झालंच नाही. झालं असतं तर कधीतरी मिटलंही असतं. फक्त मास्तरांनी पुन्हा कुणापुढे पेटी उघडली नाही, आणि दोघांचं एकमेकांकडे जाणं थांबलं. पुढे निवृत्त होऊन मास्तर जव्हारला उत्तमरावांच्या मागच्याच गल्लीत राहायला आले, तरी बाजारात भेट झाली की मान हलवायची, एवढंच नातं उरलं.

त्या अभंगाची कॅसेट मात्र उत्तमरावांनी जपून ठेवली होती. मंडळाच्या पोरांनी रेकॉर्डिंगचा माईक नेमका पेटीजवळ ठेवलेला. त्यामुळे कॅसेटमध्ये पेटीचा गोंगाट पुढे, आणि मागे कुठेतरी विहिरीत पडल्यासारखे उत्तमराव. आल्यागेल्याला ते कॅसेट ऐकवायचे आणि म्हणायचे, बघा, पेटी कुठं चाललीय. पाहुण्यांना चहा घ्यायचा असल्यामुळे ते हो म्हणायचे.

नाशिकला नोकरी करणाऱ्या स्वरानं, म्हणजे त्यांच्या मुलीनं, ती कॅसेट मोबाईलमध्ये उतरवून आणली. तिच्या ओळखीच्या एकानं त्यातली खरखरही काढून दिली. पण घरच्या स्टिरिओला जोडल्यावर ऐकू आली तीच विहीर. स्वरा सहज बोलून गेली की मोबाईलचा आवाज स्टिरिओत असा घातला की मारच खातो, मध्ये एक डॅक लागतो. डॅक म्हणजे मोबाईलमधल्या आकड्यांचा पुन्हा नीट आवाज करून देणारी साबणाच्या वडीएवढी डबी. उत्तमरावांनी त्यावर इतके व्हिडिओ पाहिले की झोपेतही ते डॅकबद्दल बोलू लागले. शांतावहिनींनी घरघंटीसाठी पैसे बाजूला काढले होते. त्यातच हे सगळं बसवतो, आणि उरलेल्यात घरघंटीही येईल, असं उत्तमरावांनी सांगितलं. वहिनींनी गिरणीत न्यायचा डबा पुढच्या खोलीत, येताजाता दिसेल असा ठेवला.

डबी आली. आवाज खरंच साफ झाला, पण त्यामुळे आतापर्यंत दबलेली एक बारीक घूं ऐकू यायला लागली. व्हिडिओतल्या गृहस्थांच्या मते दोष प्रीअँपचा होता. मोठ्या अँप्लिफायरच्या आधी बसून जो आवाज कमीजास्त करतो तो हा भाग जुना झाला, की असंच होतं. नवा परवडणारा नव्हता. उत्तमराव एसटीनं नाशिकला गेले आणि कुणाच्या तरी घरचा वापरलेला प्रीअँप मांडीवर घेऊन आले. त्याचं आवाजाचं बटण मागच्या मालकानं उलटं बसवलं होतं, उजवीकडे फिरवलं की आवाज कमी. एवढं चालतं, असं उत्तमराव म्हणाले.

घूं मात्र दुप्पट झाली. मग जामसरहून भिका वायरमन आला. त्यानं भिंतीला कान लावला, टेस्टर लावला, आणि निकाल दिला. "साहेब, घराला अर्थिंगच नाय. आवाज कुठं जाणार? तो तुमच्या डब्यातच फिरतोय." परसात खड्डा झाला, त्यात तांब्याची पट्टी, कोळसा आणि भरपूर मीठ गेलं. खड्ड्याच्या कडेला शांतावहिनींचं अळू होतं. आठवडाभरात ते मिठानं करपलं. तरीही थोडी घूं राहिलीच, ती फ्रिजची निघाली. त्यावर उपाय सोपा होता: ऐकायच्या वेळी फ्रिज बंद. दूध नासलं तेव्हा वहिनी एवढंच म्हणाल्या, "अहो, तुमचं गाणं एकदाचं ऐकून घ्या. म्हणजे घर सुटेल."

पण उत्तमरावांनी ते ऐकलं नाही. इतरांची गाणी लावून त्यांनी खात्री करून घेतली, तबलजीनं घसा खाकरला तरी कळावं इतका आवाज साफ होता. स्वतःचा अभंग मात्र त्यांनी राखून ठेवला. तो त्यांना माणसांत ऐकायचा होता, आणि त्या माणसांत सुशील मास्तर हवे होते. मनात वाईट काही नव्हतं, असं ते स्वतःला सांगत होते. फक्त एकदा नीट कळावं, चूक कुणाची होती. त्यानंतर आपण मोठ्या मनानं मास्तरांना माफ करून टाकू, इथपर्यंत त्यांचं ठरलेलं होतं.

रविवारी दुपारी उत्तमरावांच्या कचेरीतली जुनी मंडळी जमली. मास्तरही आले. त्यांना बोलवायला शांतावहिनी स्वतः गेल्या होत्या. ते दाराजवळच्या खुर्चीत बसले आणि सगळ्यांकडे पाहून हसत राहिले. फ्रिज बंद झाला. उत्तमरावांनी एक छोटं भाषण केलं, त्यात 'दूध का दूध' हे शब्द आले, आणि त्यांनी मोबाईलवर बोट ठेवलं.

सुरुवातीला पेटी वाजली. स्वच्छ, गोड, जागच्या जागी. मग उत्तमरावांचा आवाज आला. पहिली ओळ त्यांनी पकडली, दुसऱ्या ओळीला ते घसरले. पेटी थबकली, चाचपडली, आणि खाली उतरून त्यांच्याशेजारी येऊन उभी राहिली. ते वर चढले. पेटी पुन्हा धावत त्यांच्यामागे गेली. एखाद्या लहान पोरामागे आई ताट घेऊन फिरते तशी ती पेटी त्या अभंगभर फिरत होती. आणि कडव्यांच्या मधल्या जागेत, माईकजवळ असल्यामुळे, वीस वर्षांपूर्वीच्या सुशील मास्तरांची कुजबूज खोलीत स्पष्ट ऐकू आली. "घाबरू नको. तू हो पुढं, मी येतो मागनं."

खोलीतले सगळे पंख्याकडे पाहू लागले. उत्तमरावांनी घाईनं बटणाकडे हात नेला आणि सवयीनं डावीकडे फिरवलं. पुढचं कडवं सगळ्या गल्लीनं ऐकलं. शेवटी शांतावहिनींनी उठून वायर ओढली.

मग दाराजवळून मास्तर हळूच म्हणाले, "उत्तम, तू तेव्हा म्हणालास ते खरंच होतं. पेटीच चुकली माझी." लोकांनी सुटकेचा निःश्वास सोडला. कुणीतरी म्हणालं, होतं असं कधीकधी. आणि उत्तमराव, ज्यांनी आत्ताच सगळं ऐकलं होतं, ते नुसतं "हं" म्हणाले.

त्या 'हं'नं त्यांना पुढचे काही दिवस जेवू दिलं नाही. स्टिरिओवर त्यांनी चादर टाकली. मास्तरांनी माणसांत आपली लाज राखली, आणि आपण ती राखू दिली, हे त्यांना वीस वर्षांपूर्वीच्या बोलण्याहून जास्त टोचत होतं. अखेर एका सकाळी ते मागच्या गल्लीत गेले. मास्तर ओट्यावर पेपर वाचत होते.

उत्तमरावांनी खाली मान घालून, अगदी हलक्या आवाजात विचारलं, की त्या दिवशी सगळ्यांसमोर तू खोटं का बोललास.

"खोटं कशाला बोलू?" मास्तर म्हणाले. "अरे, मला कमी ऐकू येतं आता. कानाचं मशीन त्या दिवशी घरीच राहिलं. तुझ्याकडं काय वाजलं, मला काहीच कळलं नाही. सगळ्यांचे चेहरे पडलेले दिसले, म्हटलं पेटीच चुकली असणार."

उत्तमराव पायरीवर बसले.

"त्या वेळी मला वाटलं होतं, तूच घसरतोयस," मास्तर पेपरची घडी घालत म्हणाले. "पण तू एवढा ठाम बोललास. पुढं तुझ्या घरी कॅसेट ऐकून येणारे पण तेच सांगायचे. मग वाटलं, माझे कानच कच्चे असणार. कान कच्चे असलेल्या माणसानं पेटी कशाला वाजवायची? वावर गावच्या शाळेला देऊन टाकली."

उत्तमरावांनी घरून जुळवून आणलेली सगळी वाक्यं निरुपयोगी झाली होती. ते कसेबसे पुटपुटले, की पेटी बरोबर होती, बेसूर मी होतो.

मास्तरांनी कानामागे हात धरला. "काय?"

"पेटी बरोबर होती," उत्तमराव जरा मोठ्यानं म्हणाले. "बेसूर मी होतो."

"जरा मोठ्यानं बोल बाबा."

समोरच्या घरातली रोशनी कपडे वाळत घालता घालता थांबली. उत्तमरावांनी तिच्याकडे पाहिलं, मास्तरांकडे पाहिलं, डोळे मिटले, आणि खोडाळ्याच्या मंडपातही लागला नव्हता असा आवाज लावून ओरडले, "बेसूर मी होतो! पेटी बरोबर होती!"

गल्लीतल्या दोन खिडक्या उघडल्या. मास्तरांच्या घरातून काशीवहिनी चहाच्या कपबशा घेऊन बाहेर आल्या. त्यांनी एक कपबशी उत्तमरावांच्या आणि एक नवऱ्याच्या हातात दिली, नवऱ्याकडे रागानं पाहिलं आणि म्हणाल्या, "भावोजी, कशाला घसा फोडताय? आज मशीन कानातच आहे त्यांच्या. पहिल्या वेळीच ऐकलंय त्यांनी."

उत्तमरावांनी मान वळवली. मास्तरांच्या कानात खरोखरच मशीनचं ते पांढरं बोंड होतं. त्यांचे डोळे भरून आले होते, आणि ओठ मात्र हसू दाबत होते. त्यांनी बशीतला चहा फुंकला, एक घोट घेतला, आणि म्हणाले,

"आता एकदा सावकाश म्हण."