पार्किंगमधलं मशीन

आम्ही नव्या घरात राहायला आलो त्या दिवशी समोरच्या पाटोळेकाकांनी पेढा तोंडात टाकला, आमच्या हॉलभर नजर फिरवली आणि म्हणाले, "म्हणजे तुम्ही रिजेक्शनमध्ये राहता."

चिंचवडच्या या जागेवर पूर्वी त्यांची कंपनी होती. ती बंद पडली, मग पाडली, आमची सोसायटी उभी राहिली आणि काकांनी हट्टाने इथेच फ्लॅट घेतला. पत्ता विचारणाऱ्याला ते अजून विभागच सांगतात. जिम पेंटशॉपमध्ये, बाग कँटीनमध्ये. आमच्या इमारतीच्या जागी नापास झालेल्या मालाचा ढीग असायचा. हे कळल्यापासून आमचे हे माझ्या पोळ्यांकडे वेगळ्याच नजरेने बघतात.

काकांचं चरित्रही कंपनीच्या पंचांगावर चालतं. लग्न संपात झालं, त्यामुळे वरातीत बँडऐवजी घोषणा. थोरला मुलगा ओव्हरटाइमच्या दिवसांतला, धाकटी टाळेबंदीतली. "म्हणून ती काटकसरी निघाली," असं ते गंभीरपणे सांगतात. स्वेच्छानिवृत्ती त्यांनी घेतली ती कंपनीच्या इच्छेने.

मी सोसायटीची सेक्रेटरी. जगातल्या कुठल्याही प्रश्नावर माझ्याकडे एकच औषध आहे, नोटीस.

यंदा खंडेनवमीला सकाळीच काकांनी बेल वाजवली. तुमची गाडी तासभर हलवाल का, म्हणाले. दसरा झाला की मुलगा काका-काकू दोघांना कायमचं नागपूरला नेणार होता, आणि त्याआधी त्यांना काकूंना आपलं मशीन दाखवायचं होतं. नवमीला कंपनीत मशीनची पूजा व्हायची, त्या दिवशी बायकापोरांना आत सोडायचे. काकूंचं मात्र कधी जमलं नाही. कधी संप, कधी बाळंतपण, कधी सासूबाईंचं दुखणं. पुढच्या वर्षी नक्की, असं म्हणता म्हणता गेटच बंद झालं. काकांचं लेथ मशीन उभं असायचं ते नेमकं माझ्या पार्किंगच्या जागी.

मी म्हटलं, पार्किंगच्या इतर वापराला कमिटीची परवानगी लागते. हे मी खरोखर म्हटलं. आमच्या ह्यांनी खिळ्यावरची किल्ली काढून माझ्या हातात दिली.

गाडी काढली. काकांनी जमिनीवर खडूने मशीन आखलं. काकू नवी साडी नेसून, पूजेचं ताट घेऊन बाजूला उभ्या.

"एवढंच होय? मला वाटलेलं, केवढं असेल."

"आठ तास उभं राहिलं की मोठं वाटायचं."

"आणि तुम्ही कुठं उभे राहायचा?"

काकांनी रेघेबाहेरची जागा पायाने दाखवली. काकूंचे गुडघे धरलेले, त्यामुळे वाकताना मी हात दिला. मशीनकडे त्यांनी परत पाहिलंही नाही. काका उभे राहायचे त्या जागेवर त्यांनी हळदकुंकू वाहिलं आणि झेंडूचं फूल ठेवलं.

काका खिशात खडू शोधत राहिले. तो त्यांच्या हातातच होता.