पाद्रीबाबांची शीळ

विल्फ्रेड टॅपलोनं पाद्र्याची पांढरी कॉलर गळ्यात अडकवली, आरशात स्वतःला एकदा डावीकडून आणि एकदा उजवीकडून पाहिलं, आणि त्याच्या तोंडून नकळत शीळ निघाली. चॅपलमधल्या एका जुन्या भजनाची चाल होती. माणूस खुशीत आला की जे होतं तेच झालं.

"थांब!" शेजारच्या खुर्चीवरून रॉडरिक हेस्टिंग्ज किंचाळला. "रंगपटात शीळ? शेवटच्या खेळाला? आमचा जीव घेतोस का रे!"

रॉडरिक या नाटकातला कर्नल, म्हणजे नायक, आणि शेवटच्या अंकात उघडकीला येतं त्याप्रमाणे खुनीसुद्धा. त्याचं म्हणणं खोटं नव्हतं. फार पूर्वी नाटकाचे पडदे ओढायला बंदरावरचे खलाशी ठेवत, आणि ते शिळेच्या इशाऱ्यावर दोर सोडत. कुणी उगाच शीळ घातली की वरून अख्खा राजवाडा खालच्या नटाच्या टाळक्यात. ते खलाशी कधीच मातीला मिळाले, पण धाक तेवढा मागे राहिला. त्यावर उताराही ठरलेला होता. खोलीबाहेर जायचं, स्वतःभोवती तीन गिरक्या घ्यायच्या, दार वाजवायचं आणि आत घेण्याची विनवणी करायची.

विल्फ्रेड मुकाट्यानं उठून दाराशी गेला.

"इथं नाही," रॉडरिक म्हणाला. "इमारतीच्या बाहेर! मागं एकानं हे असंच बोळात उरकलं होतं, आणि त्या रात्री भर प्रेमप्रसंगात माझा विग बाईंच्या ब्रोचला अडकून गेला."

"बाहेर वारा सुटलाय रे. आणि मध्यंतर संपत आलंय."

"मग पळ की! मी दाराशी उभा राहतो, तू वाजवलंस की उघडतो. पण विनवणी स्पष्ट ऐकू आली पाहिजे हां. नुसतं ठोकून चालायचं नाही."

वाद घालणं विल्फ्रेडच्या रक्तातच नव्हतं. चाळीस वर्षं तो नाटकात होता, आणि त्या चाळीस वर्षांत त्यानं इंग्लंडातल्या समस्त बटलरांची, स्टेशनमास्तरांची, दुसऱ्या शिपायाची आणि तिसऱ्या प्रेताची सेवा केली होती. त्याचा चेहरा सगळ्या देशाला पाठ होता, नाव मात्र एकालाही ठाऊक नव्हतं. बसमध्ये लोक त्याला थांबवून म्हणत, "अहो, तुम्ही आमच्या ग्लॅडिसचे दीर ना?" त्यांचा हिरमोड नको म्हणून तो म्हणे, "हो, कशी आहे ग्लॅडिस?" असं करून करून तो तीन बारशांना आणि एका साखरपुड्याला जाऊन आला होता.

पण आजचा दिवस वेगळा होता. मार्लस्टनच्या धक्क्यावरच्या या छोट्या थिएटरात सबंध उन्हाळा त्यानं टपालवाल्याचं काम केलं होतं. पहिल्या अंकात यायचं, "पार्सल आहे, बाईसाहेब" म्हणायचं, आणि पडदा पडता पडता मरायचं. आज पाद्र्याचं काम करणाऱ्या हारग्रीव्हचा घसा बसला आणि मॅनेजरनं विल्फ्रेडला बोलावून सांगितलं, "मिशा लावून मर, आणि मिशा काढून पाद्री हो." पाद्र्याला शेवटच्या अंकात दोन पानांचं भाषण होतं. दोन पानं! ज्या माणसाला आयुष्यात दोन ओळी सलग मिळाल्या नव्हत्या, त्याला देवानं एका दुपारी दोन पानं वाढली होती.

त्यातून डोरीन आली होती. डोरीन त्याची बायको. बिचारी प्रत्येक नाटकाला हौसेनं यायची, आणि प्रत्येक वेळी विल्फ्रेडचं वाक्य नेमकं तिच्या टॉफीचा कागद सोडवण्यात नाहीतर शिंकण्यात निघून जायचं. "बोललास का? अगं बाई, कधी?" हे तिनं इतक्यांदा विचारलं होतं की आता त्यालाही हसू येत नसे. आज सकाळी लीड्सहून गाडीनं उतरल्या उतरल्या तिनं पर्स उघडून दाखवली. "बघ. एकसुद्धा टॉफी नाही. आज मी तुझा शब्दन् शब्द ऐकणार."

आजचा शेवटचा खेळ. पाद्र्याचं काम पुन्हा त्याच्या वाट्याला येणार नव्हतं.

तर विल्फ्रेड मागच्या दारानं धक्क्यावर गेला. खाली समुद्र लाकडी खांबांवर धडका देत होता. त्यानं तीन गिरक्या घेतल्या. तिसरीला वाऱ्यानं धाडकन दार लावून घेतलं. विल्फ्रेडनं दार ठोठावलं आणि विनवणी केली, "रॉडरिक, कृपा करून मला आत घे."

आतून रॉडरिकनं ठोठावणं ऐकलं. विनवणी मात्र वाऱ्यानं उचलून थेट हॉलंडच्या दिशेनं नेली.

"नीट विनव!" रॉडरिक आतून ओरडला. तेही बाहेर पोचलं नाही. मग तिसरी घंटा झाली, आणि पडदा उघडताच स्टेजवर कर्नलच लागत असल्यामुळे रॉडरिक तसाच पळाला. वाटेत स्टेज सांभाळणाऱ्या आयरिसनं विचारलं, "विल्फ कुठंय?" तो म्हणाला, "दाराशीच आहे." त्याच्या मते ते खरंच होतं.

विल्फ्रेड वळसा घालून पुढच्या दाराशी धावला. तिथं रांग होती. चहाच्या टपरीवरून परतणारे लोक कपबशा आवरून शिस्तीत उभे होते. आता इंग्रज माणूस बुडत असला तरी रांग मोडून वाचायचा नाही. विल्फ्रेड निमूटपणे शेवटी उभा राहिला.

"अगं बाई, पाद्रीबाबा!" पुढच्या ठेंगण्या, गोलमटोल बाईनं वळून पाहिलं. "ओळखलंत ना? मी मिसेस नटॉल. तुम्हीच आमच्या नॉर्मनला पोचवलंत. किती छान पोचवलंत हो!"

"हं... नॉर्मन," विल्फ्रेड सवयीनं म्हणाला. "भला माणूस होता."

"भला कसला, बेवडा मेला! पण तुम्ही तेव्हाही भलाच म्हणालात. मनच मोठं तुमचं. या, पुढं व्हा."

"नाही नाही, तुम्ही आधी."

"छे हो, पाद्रीबाबा, तुम्ही."

"माझ्यामुळे तुमचा खोळंबा नको."

मग तिच्या पुढचे गृहस्थही बाजूला झाले आणि म्हणाले, "आपण व्हा पुढं." त्यांना विल्फ्रेड म्हणाला, "आपण." ते म्हणाले, "छे, आपणच." सगळी रांग एकमेकांना वाट देत जागच्या जागी खिळून राहिली. आत दिवे मंदावले.

शेवटी जीव मुठीत धरून तो दारापाशी पोचला. तिथं मिसेस पेग्लर उभी होती. सबंध उन्हाळा तिनं दारात उभं राहून हेच नाटक पाहिलं होतं, आणि आता लेखकापेक्षा तिलाच ते जास्त पाठ होतं.

"तिकीट?"

"मिसेस पेग्लर, मी विल्फ्रेड! मी नाटकात आहे!"

तिनं चष्म्यातून निरखून पाहिलं. "आहात खरे. तुम्ही टपालवाले. पहिल्या अंकात मेलात."

"हो, पण आता मी पाद्री आहे."

"पाद्री मिस्टर हारग्रीव्ह आहेत. आणि मेलेला माणूस पुढच्या दारानं येत नसतो. निदान माझ्या दारानं तरी नाही."

"बाई, माझं भाषण आहे हो! दोन पानांचं!"

"प्रत्येकजण हेच सांगतो," मिसेस पेग्लर म्हणाली. हे तिला आजवर दुसऱ्या कोणी सांगितलं होतं, देव जाणे.

तेवढ्यात मिसेस नटॉल मध्ये पडली. "शरम नाही वाटत? देवाच्या माणसाला तिकीट मागता? हे घ्या पाद्रीबाबा, आमच्या आईचं. तिला ऐकू येत नाही म्हणून ती बाहेर बाकावर जाऊन बसलीय. म्हणते, नाटकापेक्षा समुद्र मोठ्यानं बोलतो."

अशा रीतीनं विल्फ्रेड टॅपलो स्वतःच्याच नाटकाला प्रेक्षक म्हणून आत शिरला. बॅटरीवाल्या पोरीनं त्याला काळोखातून चौथ्या रांगेच्या मधोमध नेऊन बसवलं, आणि मिसेस नटॉल शेजारी अशी काही बसली की बाहेर पडायची वाटच बुजली. त्यानं उठायचा प्रयत्न केला. मागून पाचसहा जण "श्शऽऽ!" म्हणाले. तो बसला. मग पुन्हा उठला. आता पुढच्या खुर्चीतली बाई, मान न वळवता, दबक्या आवाजात पण दातओठ खात म्हणाली, "अहो, जरा गप्प बसाल का? आता माझा नवरा बोलणार आहे!"

ती डोरीन होती.

तिच्या मांडीवर पर्स मिटलेली होती, आणि पर्सवर दोन्ही हातांची घट्ट घडी. चर्चमध्ये बसावं तशी ती ताठ बसली होती. चाळीस वर्षांत विल्फ्रेडसाठी कुणी कुणाला गप्प केलं नव्हतं.

स्टेजवर रॉडरिक म्हणाला, "खुनी कोण, हे आता फक्त पाद्रीबाबाच सांगू शकतील." आणि त्यानं दाराकडे पाहिलं.

दार हललं नाही.

"फक्त पाद्रीबाबाच," रॉडरिक जास्त मोठ्यानं म्हणाला. त्याच्या कपाळावरचा रंग ओघळायला लागला. विंगेतून आयरिसचा रडकुंडीला आलेला आवाज ऐकू आला, "विल्फ! अरे विल्फ!"

विल्फ्रेड उभा राहिला.

"बसा खाली!" डोरीन फिसकारली आणि वळली. "तो आत्ता येईल... विल्फ्रेड? तू इथं काय करतोयस? तिकडं जा, तुझं वाक्य चुकेल!"

"जातोय गं," विल्फ्रेड म्हणाला, आणि तिथूनच त्यानं भाषणाला सुरुवात केली.

"मित्रहो, आपल्या गावात एक टपालवाला होता. रोज आपल्या दाराशी यायचा. माफ करा, तुमचा पाय. त्याचा चेहरा तुम्हा सगळ्यांना आठवतो. सॉरी, जरा गुडघे बाजूला. पण त्याचं नाव काय, हे तुमच्यापैकी कितीजणांना माहीत आहे?"

विल्फ्रेडचा बाप कोळशाच्या खाणीत राबायचा आणि रविवारी चॅपलात प्रवचन करायचा. तो निम्मं बोलायचा आणि निम्मं गायचा. बोलता बोलता त्याचा आवाज असा काही सुरात चढायचा की पाठीमागच्या बाकावरचे खाणकामगार आपसूक दुसरी ओळ धरायचे. लहानपणी विल्फ्रेडला नट व्हायचं नव्हतंच. त्याला तसं बोलायचं होतं. आज रांगेतून, गुडघ्यांवरून, छत्र्यांवरून वाट काढताना बापाचा तो सूर त्याच्या गळ्यात येऊन बसला. तो स्टेजच्या पायऱ्या चढला, कर्नलसमोर उभा राहिला आणि बोट दाखवून म्हणाला, "देवानं त्याला नावानं ओळखलं होतं, कर्नल. आणि तुम्हालाही ओळखलंय."

रॉडरिक असा हादरला की नाटकात नव्हतं तरी गुडघ्यांवर बसला.

टाळ्यांनी छप्पर उडायची पाळी आली. मिसेस नटॉल खुर्चीवर चढून सांगत होती, "आमचे पाद्रीबाबा! तालीम नाही, काही नाही, बसल्या जागेवरून खुनी ओळखला!" ते सगळ्या थिएटरला पटलं. दारातून मिसेस पेग्लरसुद्धा म्हणाली, "हारग्रीव्हपेक्षा बरे आहेत. तिकिटावर आले होते."

पडदा पडल्यावर विल्फ्रेड कॉलरसकट धावत बाहेर आला. डोरीन धक्क्यावरच्या बाकाशी उभी होती. तिची टोपी तिरकी झाली होती आणि गाल लाल झाले होते.

"ऐकलंस?" त्यानं विचारलं.

डोरीनच्या डोळ्यांत पाणी आलं. "विल्फ, टॉफी नव्हती रे माझ्याकडे. शपथ. पण ती मागची बाई! तू बोलायला लागलास आणि ती म्हणते, हे आमचे पाद्रीबाबा. मी म्हटलं, माझा नवरा आहे. ती म्हणते, लाज नाही वाटत, घरी बायको आहे त्यांना! मग मीही सोडते होय? तिच्याशी भांडून मान वर केली तेव्हा लोक टाळ्या वाजवत होते."

दोघं बाकावर बसले. बाकाच्या दुसऱ्या टोकाला एक म्हातारी शाल गुंडाळून समुद्राकडे बघत होती. वारा पडला होता.

"मग आता म्हण," डोरीन म्हणाली.

"इथं?"

"कुठं जायचंय आपल्याला?"

विल्फ्रेडनं घसा साफ केला आणि दोन्ही पानं म्हटली. या वेळी कुणाचा पाय नव्हता की गुडघा नव्हता. बापाचा सूर आपणहून आला. टपालवाल्याच्या नावापाशी तो थोडा थांबला, आणि शेवटचं वाक्य त्यानं हळूच समुद्राला सांगितलं.

बाकाच्या टोकावरून म्हातारी खणखणीत आवाजात म्हणाली, "आमेन." शब्द कळले असोत नसोत, चाल तिला कळली होती.

डोरीननं त्याची कॉलर सरळ केली, त्याच्या बाहीवरचं पार्सलच्या सुतळीचं तूस झटकलं आणि थोडा विचार करून म्हणाली, "छान होतं. पण विल्फ, जरा लांबलं रे."

विल्फ्रेडनं तिच्याकडे पाहिलं. चाळीस वर्षांत त्याच्याबद्दल असं कुणीही म्हटलं नव्हतं. तो इतका खूष झाला की त्याच्या ओठांचा पुन्हा शिळेसाठी चंबू झाला. मग त्यानं थिएटरच्या मागच्या दाराकडे एक नजर टाकली, ओठ मिटले, आणि भजन मनातल्या मनातच पुरं केलं.