ओट्सच्या दुधावरची साय

फ्रिजच्या दारात तीन खोकी शेजारी शेजारी उभी होती आणि तिन्हींवर ‘दूध’ लिहिलेलं असूनही त्यांतल्या एकातही दूध नव्हतं. पहिलं सोयाचं, ते आजींचं. त्यांच्या रक्तातली चरबी वाढली होती. दुसरं ओट्सचं, ते आजोबांचं. त्यांना दूध पचत नसे, आणि न पचल्याची वार्ता त्यांचं पोट शेजारच्या खोलीपर्यंत पोचवत असे. तिसरं बदामाचं, ते सुनेचं. तिला स्वतःला काहीच झालेलं नव्हतं. झालं होतं ते ठमीला.

ठमी ही घरातली सगळ्यात लहान आणि शब्दाला सगळ्यात वजन असलेली व्यक्ती. ती अजून आईच्या अंगावर पीत होती. पण आईने कपभर दूध घेतलं की ठमीच्या गालांवर लाल चट्टे उठत, कोपरांच्या खोबणीत खाज सुटे आणि मग ती अख्ख्या घराला जागं ठेवी. बाळांच्या डॉक्टरीणबाईंनी सांगितलं होतं, “दूध, दही, लोणी, चीज, सगळं बंद. बाळाचं नव्हे, तुमचं. पुढच्या भेटीपर्यंत कातडी स्वच्छ राहिली, तर तुम्हाला हळूहळू दूध सुरू करता येईल का ते बघू.”

त्या भेटीकडे सून डोळे लावून बसली होती. ठमीला खांद्यावर टाकून येरझाऱ्या घालत असताना तिला कुणी विचारलं असतं, की बाई गं, तुला काय हवं, तर झोप आणि दुधाचा चहा यांत तिने चहा आधी सांगितला असता. बदामाचं दूध चहात पडलं की फाटल्यासारखं व्हायचं, वर पांढरी लक्तरं तरंगायची. ती डोळे मिटून तो चहा पिऊन टाकी आणि ठमीचे गाल बघे. गाल मऊ, गोरे आणि बिनडागी असले की तिला सगळं भरून पावे.

घरात दुधाचा थेंब येणार नाही, हा नियम तिच्या नवऱ्याने केला होता. तो रंगाच्या कारखान्यात माल तपासायच्या खात्यात होता आणि घरी आल्यावरही त्याचं खातं बंद होत नसे. बिस्किटाचा पुडासुद्धा तो पाठीमागची बारीक अक्षरं वाचल्याशिवाय फोडत नसे. “चूक नेहमी थेंबातूनच होते,” तो म्हणे, आणि स्वतः हुतात्म्याच्या चेहऱ्याने कोरा चहा पिई.

“नात आजोबांवर गेली आहे,” आजी सगळ्यांना सांगत. “दोघांनाही दूध सोसत नाही. हट्टही तोच.”

आजोबा हे ऐकून खूश होत. पण त्यांचा हट्ट किती खोल आहे याची आजींना कल्पना नव्हती. आजोबा घड्याळजी. दुकान बंद केलं होतं, तरी खिडकीजवळ त्यांचं मेज होतं, त्यावर भिंग, चिमटे आणि केसाइतक्या बारीक धारेची पाती. दोन्ही वेळचा चहा ते तिथेच घेत. ओट्स घातलेल्या चहाचा पहिला घोट घेऊन ते म्हणाले होते, “भिंतीला कागद चिकटवायची खळ आहे ही.”

“पोटाला चांगली असते,” मुलगा म्हणाला.

“भिंतीच्याही पोटालाच लावतात.”

असं म्हणून ते गप्प बसले, ते सगळ्यांना शहाणपण वाटलं. ते शहाणपण नव्हतं, तो बेत होता.

दुसऱ्या दिवसापासून आजोबांचं सकाळचं फिरणं वाढलं. पाण्यासाठी म्हणून ते थर्मास नेत आणि वळणावरच्या दुधाच्या दुकानातून तो भरून आणत. मग खोलीचं दार लोटून खोक्याचा तळ पात्याने अलगद उकलत, ओट्स मोरीत ओतत, खोक्यात दूध भरत आणि तळ पुन्हा असा चिकटवत की मुलाने भिंगाखाली धरला असता तरी कळलं नसतं. मुलगा तर फक्त वरचं झाकण तपासत होता! दुकानात उभ्या उभ्या दूध पिऊन ते मोकळे होऊ शकले असते. पण चहा ही काय उभ्याने घ्यायची गोष्ट आहे? ती आपल्या खुर्चीत, आपल्या कपात, बायकोसमोर घ्यायची. शिवाय आपलं खोकं आपणच वापरतो, सुनेचं बदामाचं वेगळं, तेव्हा ठमीला त्याची झळ लागायचा प्रश्नच नव्हता. तेवढा विचार त्यांनी केला होता. ठमी त्यांच्या जिवाचा तुकडा होती.

फक्त एक गोष्ट त्यांनी धरली नव्हती. एके दुपारी ठमी झोपली आणि सुनेचं बदामाचं खोकं नेमकं रिकामं निघालं. तिने इकडेतिकडे पाहिलं आणि ओट्सच्या खोक्यातली एक धार आपल्या चहात सोडली.

पहिल्या घोटाला ती ओट्यापाशी थबकली. दुसऱ्या घोटाला खाली बसली. तिसऱ्या घोटाला तिच्या डोळ्यांत पाणी आलं. हे ओट्स? आणि इतके दिवस आपण बदाम गिळत होतो? बाबा उगाच नावं ठेवतात!

त्या दिवसापासून ठमीची दुपारची झोप म्हणजे सुनेची चोरीची वेळ झाली. मागून घेतलं असतं तर मिळालं असतं; पण डॉक्टरांनी सासऱ्यांना नेमून दिलेली वस्तू आपण चाखून बसलो, हे कुठल्या तोंडाने सांगणार? धार होती ती कप झाली आणि कपाचा पुढे मोठा कप झाला.

खोक्यातलं दूध ओसरू लागलं, तसे आजोबा चमकले. तक्रार करायची सोय नव्हती. मुलगा कोरा चहा पितो, सुनेचं बदामाचं आहे, ठमीला अजून उभंही राहता येत नाही. उरलं कोण? आजोबांचा चेहरा हळूहळू उजळला. हिला सोया कुठे आवडतं! बोलली नाही बिचारी, पण आपलं गुपित हिने ओळखलं आणि मुकाट्याने त्यात सामील झाली. इतक्या वर्षांच्या संसारात बायकोचं एवढं प्रेम त्यांना क्वचित आलं असेल. त्यांनी मोठा थर्मास काढला. दुकानदाराला म्हणाले, “जरा दाट दे. म्हशीचं.”

चहाच्या वेळी त्यांनी आजींकडे पाहून एक डोळा बारीक केला.

“आजपासून जरा दाट आहे हं,” ते कुजबुजले.

“काय दाट?”

“काही नाही, काही नाही. तू आपली घेत जा. संकोच नको.”

“अहो, काय घेत जा? आणि तो डोळा का मिचकावताय? किती वेळा सांगितलं, ते भिंग लावून बसणं बंद करा म्हणून!”

आजोबा मनात म्हणाले, काय अभिनय करते बाई!

इकडे सुनेला राहवेना. चोरी लपवूनच तिने एकदा नवऱ्याच्या कानावर घातलं, “ओट्सचं दूध चांगलं असतं म्हणे. बदामाऐवजी तेच आणूया ना.” नवरा कर्तव्यदक्ष. त्याने भरलेली पेटीच मागवली. ती आली नेमकी डॉक्टरीणबाईंकडे जायच्या दिवशी, सकाळी. सुनेने घाईघाईने नवं खोकं फोडलं, चहात ओतलं, घोट घेतला आणि तो तसाच तोंडात धरून उभी राहिली.

“काय झालं?” नवरा म्हणाला.

“हे... खराब आहे. बाबांच्या खोक्यातलं असं नसतं.”

“तुला काय माहीत बाबांच्या खोक्यातलं कसं असतं?”

सुनेने घोट गिळला. “रंगावरून म्हटलं.”

रंग हा शब्द काढायला नको होता. नवऱ्याने दोन भांडी घेतली. एकात नवं, एकात बाबांचं. दोन्ही हलवून पाहिली, तिरकी करून धार पाहिली. “एकच माल, पण दोन्हींची धार वेगळी. पेटी परत करावी लागणार. तापवून बघू.”

खिडकीजवळून आजोबा उठलेच. “दोन्ही एकच असतं रे! उगाच गॅस कशाला जाळतोस? डॉक्टरकडे उशीर होईल. ठमीला टोपडं घाला कुणीतरी!”

पण गॅस पेटला होता. नवं दूध तापून पिठाळ, चिकट झालं. बाबांचं दूध फुगून वर आलं, गॅस बंद केल्यावर खाली बसलं, आणि सगळे पाहत असताना त्यावर जाड, पिवळसर, सुरकुतलेली साय धरली.

आजींनी चमचा घेतला. साय उचलली. उजेडात धरली. त्यांच्या हातांनी आयुष्यभर साय काढली होती.

“अहो,” त्या अगदी शांतपणे म्हणाल्या, “धान्याला साय कधीपासून यायला लागली?”

आजोबा म्हणाले, “आता तू तरी असं बोलू नकोस. निम्मं तर तूच पीत होतीस.”

“मी?”

“मग कोण?”

सून ओट्याला धरून पांढरी पडली होती. “म्हणजे हे दूध आहे? खरं दूध?” तिचा आवाज फुटला. “बाबा, मी पीत होते हे. रोज. कप भरभरून. आणि ठमी... अहो, ठमी माझं पिते!”

आजोबांच्या तोंडचा रंग उडाला. “तू? तुझं बदामाचं...” मघाचा कावेबाज म्हातारा क्षणात कुठल्या कुठे गेला. “आणा तिला. उजेडात आणा.”

ठमीला खिडकीतल्या मेजावर घड्याळांच्या मधोमध ठेवलं. झबलं काढलं. आजोबांनी डोळ्याला भिंग लावलं आणि आयुष्यात कुठलं घड्याळ तपासलं नसेल तसं नातीला तपासलं. गाल पाहिले, कानांमागे पाहिलं, कोपरांच्या खोबणी, गुडघ्यांच्या वळ्या, मानेच्या घड्या उलगडून पाहिल्या. ठमीला गुदगुल्या झाल्या. ती खिदळली आणि तिने आजोबांचं भिंग ओढून तोंडात घातलं.

“एक ठिपका नाही,” आजोबा म्हणाले. “सूनबाई, एकसुद्धा नाही.” आणि त्यांनी नातीच्या पोटावर डोकं टेकलं.

“नंतर उठला तर?” सुनेला धीर धरवत नव्हता. “चला आधी.”

दवाखान्यात डॉक्टरीणबाईंनी सगळं ऐकून घेतलं. ऐकताना त्यांना दोनदा ठसका लागला. मग त्यांनी ठमीला भिंगाशिवाय तपासलं आणि चौघांकडे पाहिलं.

“न विचारता असलं काही पुन्हा करायचं नाही. नशीब म्हणून निभावलं. चट्टे परत आले असते तर बाळाचे हाल झाले असते.”

चारही माना खाली गेल्या.

“आता दुसरी गोष्ट. आज मी सांगणार होते, की आईने थोडं थोडं दूध घेऊन पाहावं, आणि बाळावर लक्ष ठेवावं. ते तुमचं झालेलंच दिसतंय. थोडं थोडं नव्हे, म्हशीचं आणि कप भरभरून.” त्या हसल्या. “बाळाला सोसतंय आता. तुम्ही दूध घ्या. तिला वरचं दूध मात्र माझ्याशी बोलल्याशिवाय नाही.”

सुनेने ठमीला एवढं घट्ट धरलं की ठमीने कुरकुर केली.

“म्हणजे ह्यांचंही बरं झालं?” आजींनी आजोबांकडे बोट दाखवलं. “दोघांचं एकच दुखणं ना?”

“छे. बाळाला दुधातलं प्रथिन सोसत नव्हतं, ते पुष्कळ मुलांचं मोठं होताना सुधारतं. आजोबांना दुधातली साखर पचत नाही, ती कुठे सुधारणार? पण आजोबा, इतकं दूध पिऊन तुमचं पोट गप्प कसं राहिलं?”

“मला मिळालंच कुठे?” आजोबा कळवळून म्हणाले. “चहापुरतं. बाकी सगळं सूनबाईने संपवलं.”

“मग चहापुरतंच चालू द्या. तेवढं पचतंय. मोठा थर्मास सुनेचा.”

मुलगा दवाखान्यातूनच कारखान्यात गेला. वरच्या झाकणावर विश्वास ठेवल्याचं दुःख त्याच्या चालीत दिसत होतं. बाकीचे पायी परत निघाले. सून तरंगत चालली होती. आजोबा तिच्या मागे, हलके. आजी मात्र त्यांच्याकडे न बघता तरातरा पुढे चालल्या होत्या.

“अगं, रागावलीस?” आजोबांनी शेवटी विचारलं. “मी तर तुझ्यासाठी म्हणून दाट आणत होतो.”

“तेच तर,” आजी म्हणाल्या. “तुम्ही चोरून प्यायलात. हिने तुमचं चोरून प्यायलं. मी एकटी इमानाने सोया गिळत बसले, आणि चोर म्हणून नाव कुणाचं? माझं!”

एवढ्यात वळणावरचं दुकान आलं. दुकानदाराने आजोबांना पाहून हात वर केला. मग त्याचं लक्ष आजींकडे गेलं आणि तो गल्ला सोडून बाहेरच आला.

“ह्याच का आजी? नमस्कार! बऱ्या दिसताय की. काका रोज सांगतात, बायको अंथरुणाला खिळलीये, दाट दुधाशिवाय घशाखाली काही उतरत नाही. आज चालत आलात म्हणजे कमालच झाली!”

आजींनी वळून आजोबांकडे पाहिलं. आजोबांनी आभाळाकडे पाहिलं. सुनेने पदर तोंडाशी धरला.

मग आजींनी एक हात कमरेवर ठेवला, दुसऱ्याने सुनेचा खांदा धरला आणि बाहेरच्या बाकावर सावकाश, कण्हत बसल्या.

“कसली बरी,” त्या खोल गेलेल्या आवाजात म्हणाल्या. “इथवर आले तेच खूप. एक पेला द्या बाबा गरम. आणि हिलाही एक द्या, माझं सगळं करून दमते पोर.”

“लगेच देतो. तुमच्यातली साय काढू का, आजी?”

“राहू द्या,” आजी म्हणाल्या. “आजारी माणसाला तेवढाच आधार.”