नागोरावांचं आजारपण

"बाबा, आज जर्मनीची नोकरी खिशात टाकते की नाही बघाच!" नम्रतानं सकाळीच जाहीर केलं. नाइट ड्युटी करून दिवसा जर्मन शिकलेली नर्स ती, तिला आता कोण अडवणार?

मुलाखत ऑनलाइन होती. पेशंटची सेवा करून दाखवा म्हणाले तर? म्हणून तिनं वडिलांनाच कात्रजच्या घरातल्या दिवाणावर आडवं केलं. डोक्याला बँडेज, आणि कपड्यांच्या दांडीला सलाईनची रिकामी बाटली! नागोरावांनी कारखान्याच्या गॅदरिंगमध्ये नाटकं गाजवलेली. असे कण्हले, की विरजण मागायला आलेल्या शेजारच्या यमुनाबाई वाटी दारातच टाकून पळाल्या. नम्रता उत्तरं घोकण्यात गर्क. तिला पत्ताच नाही!

लॅपटॉपवर जर्मन बाई आल्या. पहिल्या उत्तरांवर खूश होऊन मान डोलावली. तेवढ्यात दार उघडलं आणि अख्खी सोसायटी आत! प्रत्येकाच्या हातात शहाळं, कारण आजाऱ्याकडे रिकाम्या हातानं कसं जायचं?

"पोरगी परदेशी निघालीय, खचले बिचारे!" यमुनाबाईंनी डोळ्यांना पदर लावला.

"काकू, बाबांना काहीही झालेलं नाही!"

"सुरुवातीला असंच म्हणतात गं."

नागोरावांनी उठून बसायला हवं होतं. पण एवढे प्रेक्षक समोर! "नमूऽऽ" अशी काळीज चिरणारी हाक त्यांनी मारली. त्यात नाटक किती आणि पोरगी जाणार याचं दुःख किती, हे त्यांनाही सांगता आलं नसतं. दोघीतिघी तर हुंदके देऊन रडू लागल्या.

नम्रताचा पारा चढला. "पेशंटजवळ एकच माणूस थांबेल! बाकीचे बाहेर! शहाळी कोपऱ्यात, रडणं जिन्यात!" खोली झटक्यात रिकामी! मग केस सारखे करून ती शांतपणे पुढच्या प्रश्नाला वळली.

दुसऱ्या दिवशी मेल आला. "अभिनंदन! एवढी गर्दी आवरणारी नर्स आम्हाला हवीच." नम्रतानं उडीच मारली! मग खालची ओळ वाचली. "मात्र वडील इतके आजारी असताना तुम्हाला बोलावणं बरं दिसत नाही. सध्या ही जागा दुसऱ्यांना देत आहोत."

"वडील ठणठणीत आहेत!" तिनं लगेच कळवलं.

"तुमच्या धीराचं कौतुक वाटतं," उत्तर आलं.

झालं! पण नम्रता हार मानते होय? दुसऱ्या सकाळी तिनं वडिलांना पर्वतीच्या पायथ्याशी उभं केलं. "मी जाणार म्हणजे जाणार! भराभर चढायचं, हसत! व्हिडिओ काढून थेट जर्मनीला पाठवते."

"जा गं बाई, मी काय अडवतोय?" म्हणत नागोराव निघाले. आणि काय चढले! तिच्याआधी वर. शेवटच्या पायरीवर फिरायला आलेली मंडळी थांबली. "वा काका, या वयात!" कुणीतरी टाळ्याही वाजवल्या.

प्रेक्षक! नागोरावांचा हात आपोआप छातीवर गेला. डोळे आभाळाकडे. "नमूऽऽ..." आणि ते कठड्याला टेकले.

नम्रतानं व्हिडिओ डिलीट केला.

"बाबा, चला. पुन्हा खालून."