दंडावरचा चुगलखोर

म्हाताऱ्याची सगळी हयात कुलपं दुरुस्त करण्यात गेली. जिथे भोक आहे तिथून कुणीतरी डोकावतंच, हे त्याचं पक्कं मत. त्यामुळे दंडावर चिकटवलेल्या बिल्ल्याच्या मधोमध बारीक भोक दिसलं, तेव्हाच त्यानं ओळखलं: हा डोळा आहे.

बिल्ला सुनेनं आणला होता. सासऱ्याला मधुमेह, आणि पथ्याशी त्याचं जन्माचं वाकडं.

"बाबा, याच्या आत केसाएवढी तार आहे, कातडीखाली," सुनेनं समजावलं. "तारेवर औषध लावलंय. अंगातली साखर त्याला लागली की बारीकशी वीज तयार होते. जितकी साखर, तितकी वीज. आकडा माझ्या फोनवर."

"म्हणजे माझ्या दंडात मीटर बसवलंस. बिल कुणाच्या नावानं?"

"तुमच्याच. शनिवारी डॉक्टर सगळे आकडे बघणार. साखर ताब्यात असली तर रोज एक कप गोड चहा. नाहीतर पोटात इंजेक्शन."

त्या एक कप चहासाठी म्हातारा काय वाटेल ते करायला तयार होता. (पथ्य सोडून.)

सून कामावर गेली. म्हाताऱ्यानं डबा उघडून साखरेचा बकाणा भरला. थोड्या वेळानं फोन वाजला.

"बाबा, काय खाल्लंत?"

"काही नाही."

"आकडा चढतोय."

त्यानं फोन ठेवला आणि बायकोकडे रोखून पाहिलं. "तू सांगितलंस. तुझ्या तोंडात तीळ भिजत नाही."

"मी भाजी निवडतेय! अहो, तो बिल्ला अंगातली साखर बघतो."

"अंगात अंधार असतो. तिथे त्याला काय दिसणार? हा भोकातून बघतो."

मग त्यानं लांब बाहीचा सदरा घातला. पकडला गेला. वर स्वेटर चढवला. घामाघूम झाला, आणि तरी पकडला गेला. शेवटी माळ्यावरून सायकलची जुनी ट्यूब काढली, तिची पट्टी कापली आणि बिल्ल्यावर करकचून आवळली. "बघ आता, लेका!"

पण म्हातारी स्वयंपाकघरातून हलेना. हा दारात घुटमळत राहिला. अखेर ती अंगणात गेली, यानं डब्याचं झाकण उचललं, आणि फोन खणाणला. म्हातारी धावत आली. पुन्हा पकडलो गेलो म्हणून याला दरदरून घाम फुटला.

"आई, बाबांची साखर एकदम खाली गेलीय!" सून फोनवर ओरडत होती. "घाम आलाय का?"

"निथळतायत गं! हातपायही थरथरतायत!"

"साखर घाला तोंडात! लगेच!"

म्हातारीनं त्याच्याच हातातला डबा हिसकावला आणि रडत रडत चमच्यामागून चमचा त्याला भरवला. लग्नानंतर एवढ्या प्रेमानं तिनं त्याला काही भरवलं नव्हतं. सून धापा टाकत घरी आली आणि तिनं वरून सरबत पाजलं. म्हाताऱ्यानं संधी साधून न्हाणीघरात पट्टी सोडली आणि हिशेब मांडला: डोळा बांधला की चुगलखोर घाबरतो, खोटंच बोलतो, आणि घर साखर घेऊन धावतं. असली किल्ली त्याला उभ्या जन्मात सापडली नव्हती.

शुक्रवारी सून घरीच होती. म्हाताऱ्यानं पट्टी आवळली, खाटेवर आडवा झाला, डोळे मिटले, तोंड उघडलं आणि वाट बघू लागला. फोन वाजला. पावलं आली.

आणि बोटाला कचकन सुई टोचली.

"अगं आई गं! साखर कुठाय?"

"डॉक्टर म्हणाले, आता बिल्ल्यावर एकदम विश्वास ठेवू नका, आधी बोटाचं रक्त तपासा." सुनेनं रक्ताचा थेंब छोट्या यंत्राला लावला आणि आकडा बघून तिचे डोळे विस्फारले. "बिल्ला म्हणतो तुम्ही आता बेशुद्ध पडणार. बोट म्हणतं तुम्ही पोतं रिचवलंय! दंड दाखवा बरं."

"दंड कशाला?"

तिनं बाही वर केली. "ही ट्यूब कसली?"

"सांधेदुखी."

"दंडाच्या मध्यावर कुठला सांधा असतो, बाबा?"

म्हाताऱ्यानं संशयानं आपल्याच दंडाकडे पाहिलं. सुनेनं डॉक्टरांना फोन लावला. बिल्ला एवढा दाबला की त्याच्या तारेपर्यंत साखर पोचतच नाही, म्हणून तो कमी आकडा दाखवतो, असं डॉक्टरांनी सांगितलं. मग शनिवारची वाटही न बघता त्यांनी निकाल दिला.

म्हातारा तसाच आ वासून पडलेला.

"तोंड मिटा आता," म्हातारी साखरेचा डबा काखोटीला मारत म्हणाली. "इंजेक्शन पोटात द्यायचंय."